सामन्यात घातलेली म्हणून विकलेल्या जर्सीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : सुनील छेत्री यांच्या स्वाक्षरीच्या जर्सीबाबत खोटे प्रमाणपत्र दिल्याबद्दल तक्रार व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

गेल्या महिन्यात मी आपल्याकडून ६८,५०० रुपयांना भारतीय फुटबॉल संघाची ११ क्रमांकाची निळी जर्सी विकत घेतली. ४ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरिनावर केनियाविरुद्ध, म्हणजे स्वतःच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्यात, सुनील छेत्री यांनी हीच जर्सी घातली होती व नंतर तिच्यावर स्वाक्षरी केली, असे आपल्या जाहिरातीत होते आणि होलोग्राम लावलेल्या प्रमाणपत्रातही तसेच छापलेले आहे.

जर्सी उलटी करून पाहिली असता डाव्या शिवणीत, धुण्याच्या सूचनांच्या पट्टीमागे, बोटाच्या पेराएवढे एक लेबल सापडले. त्यावर मालाच्या क्रमांकाखाली बारीक अक्षरांत उत्पादनाचा कालावधी दिला असून तो जुलै ते सप्टेंबर २०१८ असा आहे. जुलैत किंवा त्यानंतर शिवलेली जर्सी जूनमधल्या सामन्यात कोणाच्याही अंगावर असू शकत नाही. होलोग्राम चिकटवण्यापूर्वी आपल्याकडे कोणी हे लेबल वाचले होते का, याचे उत्तर मला हवे आहे.

त्या रात्री मी स्वतः स्टेडियममध्ये होतो. १ जूनच्या चिनी तैपेईविरुद्धच्या सामन्याला अवघे २,५६९ प्रेक्षक आले होते. त्यानंतर छेत्री यांनी चित्रफितीद्वारे कळकळीने बोलावले, म्हणून आम्ही चौघे कोल्हापूरहून मुंबईला गेलो. धो धो पावसात मैदानावर पाणी साचले होते, चेंडू जागच्या जागी अडत होता, आणि भारताने ३-० असा विजय मिळवला, त्यातले दोन गोल छेत्री यांचे. आपण पाठवलेल्या जर्सीचा एक धागा निघालेला नाही की क्रमांकाच्या छपाईला एक सुरकुती नाही. धुऊन जपून ठेवल्यामुळे असे झाले असेल, असे मी एकवेळ मानले असते. लेबलाला मात्र तो खुलासा लागू पडत नाही.

आपल्या प्रतिनिधीने दूरध्वनीवर सांगितले की ‘मॅच-वर्न’ (सामन्यात प्रत्यक्ष घातलेली) आणि ‘मॅच-इश्यूड’ (सामन्यासाठी खेळाडूला दिलेली) यांत फारसा फरक नसतो. हे मला मुळीच मान्य नाही. खेळाडूसाठी तयार केलेली पण बॅगेतच राहिलेली जर्सी वेगळी आणि घामाने भिजलेली वेगळी; किमतीतला फरक त्यासाठीच असतो. १९८६ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध घातलेली मॅराडोना यांची जर्सी २०२२ साली लंडनच्या लिलावात सुमारे ७१ लाख पौंडांना गेली, ती सामन्यानंतर इंग्लंडचे खेळाडू स्टीव्ह हॉज यांच्या हाती कशी आली हे ठाऊक होते आणि तिची छायाचित्रांशी बारकाईने पडताळणी झाली होती म्हणून. शिवाय, आपण पाठवलेली जर्सी जूनच्या सामन्यासाठी ‘इश्यू’ झालेलीही असू शकत नाही.

स्वाक्षरीबद्दल मी आज काही म्हणत नाही. तिची तपासणी व्हायची आहे आणि खेळाडूचा यात काडीचाही दोष नाही. मी बावीस वर्षे जर्सी जमवतो आहे. सुरुवातीच्या जर्सी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांतील खेळाडूंनी सामना संपल्यावर अंगावरून काढून माझ्या हातात दिलेल्या आहेत. त्यांना कुठलेही प्रमाणपत्र नाही, पण त्यांच्याबद्दल मला कधी शंका आली नाही.

तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत संपूर्ण रक्कम टपालखर्चासह परत करावी, प्रमाणपत्र रद्द केल्याचे लेखी कळवावे आणि या होलोग्राम क्रमांकाची नोंद आपल्या यादीतून काढावी. रद्द केल्याचे पत्र हाती येईपर्यंत मी जर्सी परत पाठवणार नाही, कारण तीच जर्सी त्याच कागदासह दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडावी अशी माझी इच्छा नाही. मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार दाखल करीन.

सोबत : पावती, प्रमाणपत्राची प्रत, लेबलाची चार छायाचित्रे.

आपला,
एक ग्राहक, कोल्हापूर