उन्हाळा लागायच्या आत

पुणे, ४ मार्च

प्रिय वैशू,

तुझ्या मेसेजमध्ये चौदा प्रश्न आहेत. त्यातले निम्मे "अमुक खाल्लं तर एमएस जातो का" याच एका प्रश्नाची भावंडं आहेत, म्हणून त्यांचं उत्तर एकदाच देऊन टाकते: नाही जात. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस), म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर धावून जाते तो आजार, बरा करणारा आहार आजवर कुणाला सिद्ध करता आलेला नाही. खाण्यापिण्याने पोट, लघवी, हाडं आणि वजन मात्र ताळ्यावर येतं, आणि तुझी दिवसाची निम्मी ताकद त्यांच्यातच जाते. त्याकडे येतेच. आधी व्यायाम, कारण अकोल्यात आता थोडेच दिवस बरे उरलेत. एकदा ऊन तापलं की सुरुवात करणं तुझ्या जिवावर येईल.

दहा मिनिटं चाललीस की डोळ्यांपुढे धुरकट होतं, म्हणून तू चालणंच सोडलंस. नको गं सोडूस. ज्या नसेवरचं मायलिनचं वेष्टण खराब झालंय, तिथून संदेश कसाबसा पुढे जात असतो. शरीर अर्ध्या अंशाने जरी तापलं तरी तो मधेच अडखळतो. १८९० मध्ये विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने हे पहिल्यांदा टिपलं. त्याला वाटलं श्रमामुळे होतं. खरा दोषी उष्णता, हे नंतर लक्षात आलं. मग कित्येक वर्षं निदानासाठी रुग्णांना गरम पाण्याच्या टबात बसवून बघायचे! अंग निवलं की दृष्टी पूर्ववत होते. नसेला नवी इजा झालेली नसते. म्हणजे तुझं भांडण व्यायामाशी नाही, तापण्याशी आहे.

डॉक्टरही पूर्वी आरामच करा म्हणायचे. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात एमएसच्या रुग्णांकडून १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं हातापायांनी चालवायची सायकल चालवून घेतली, आणि त्यांचा दम, ताकद, मनःस्थिती सुधारली. तेव्हापासून सल्ला उलटला. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांसाठी कॅनडाच्या २०१३ च्या शिफारशी तुला झेपतील अशा आहेत: आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं दम लागेलसा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा. तिथवर पोचायला दोन-तीन महिने लागले तरी हरकत नाही.

वेळ पहाटेची ठेव, साडेपाच-सहाची. शरीराचं तापमान तेव्हा कमी असतं. सुरू करण्यापूर्वी माठातलं ग्लासभर पाणी घोटघोट पी, ओला पंचा पिळून मानेभोवती घे, कूलर लाव. अकोल्याची हवा कोरडी म्हणून हे चालतं. मुंबईच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, तिथे ओल्या पंचाचा फारसा उपयोग नसतो. तुझ्या उन्हाळ्याचा एवढा एकच फायदा बघ.

पहिलं काम पोटरीचं. भिंतीकडे तोंड करून दोन्ही तळवे भिंतीवर टेकव, एक पाय मागे घे, मागची टाच जमिनीवर, गुडघा सरळ. हळूहळू पुढे झुक आणि ३० सेकंद थांब. प्रत्येक पायाला तीनदा. झोके देऊ नकोस. हिसका बसला की स्नायू बचावासाठी आणखी आवळतो आणि ज्या ताठरपणासाठी हे करायचं तोच वाढतो.

मग खुर्चीतून उठबस. प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर घसरते, म्हणून लाकडी घे आणि खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेव. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे. नाक गुडघ्यांच्या पुढे जाईल इतकं वाक, मगच ऊठ. ताठ बसून उठायला गेलीस तर मागे पडशील. बसताना मनात तीन आकडे मोजत टेकायचं. पाच वेळा कर, दोन मिनिटं थांब, पुन्हा पाच. ज्या वेळी 'धप्प' करून बसशील तिथे त्या दिवसाचा हिशोब बंद, मग ती तिसरी खेप का असेना.

तोलासाठी ओट्याचा कोपरा उत्तम, दोन बाजूंनी आधार मिळतो. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लाव, हात ओट्याच्या वर बोटभर अधांतरी, २० सेकंद. डोळे मिटून करायचा मोह घरात कुणी नसताना अजिबात नको.

चालण्याऐवजी सध्या पायडलचं छोटं यंत्र बरं. तीन मिनिटं चालव, दोन मिनिटं थांब, असं पाचदा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपतच दम लागू दे. एका दमात पंधरा मिनिटं करण्यापेक्षा यात अंग खूप कमी तापतं. चालशील तेव्हा स्वतःच्या चपलेचा आवाज ऐक. सुरुवातीला टाच-पंजा असा दुहेरी असतो. पंजा उचलणारा स्नायू दमला की 'खर्रर्र' असं घासणं ऐकू येतं. तिथून मागे फिरायचं नाही, तिथे बसायचं. म्हणून बसायला जागा असेल अशाच वाटेने जा. आणि स्लिपर टाकून मागे पट्टा असलेली चप्पल घे. दारातलं ते गुंडाळणारं पायपुसणंही काढून टाक.

व्यायामानंतरचा थकवा दोन तासांत ओसरला तर मात्रा बरोबर. दुसऱ्या दिवशी उरला तर एक तृतीयांश कमी कर, बंद नको. आंघोळ कोमट पाण्याचीच, दिवाळीच्या अभ्यंगस्नानालासुद्धा. कढत पाण्याने न्हाणीघरातच पाय लुळे पडतात, आणि तिथे धरायला काही नसतं. वाफेची पेटी, गरम खोलीतला योग यांच्या वाटेला जाऊ नकोस.

आता खाणं. स्वँक डाएटबद्दल विचारलंस. रॉय स्वँक यांनी मॉन्ट्रियलमध्ये १९५० च्या सुमारास रुग्णांची संपृक्त चरबी अगदी कमी केली आणि कित्येक वर्षं त्यांच्या नोंदी ठेवल्या. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे फरक आहाराने पडला की कशाने, हे सांगता येत नाही. तूप-साय कमी करायला माझी ना नाही. पण दूध सरसकट बंद करू नकोस. कमी हालचाल आणि स्टिरॉइडचे कोर्स, दोन्हींनी हाडं ठिसूळ होतात. दूध नकोच असेल तर नाचणी घे, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

पाणी कमी पितेस हे कळलं, शाळेत सारखं उठावं लागतं म्हणून. त्याने लघवी दाट होते, मूत्राशय आणखी चिडतं, आणि जंतुसंसर्गाला आयतं निमंत्रण. संवेदना कमी असल्यामुळे तुला जळजळ कदाचित जाणवणारच नाही. फक्त एके दिवशी पाय अचानक जड होतील. तेव्हा एमएस उसळला असं धरून चालण्याआधी ताप बघ, लघवी तपासून घे. ताप-संसर्ग नसताना नवा त्रास २४ तासांहून जास्त टिकला तर मात्र लगेच न्यूरॉलॉजिस्टला फोन कर. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त, पण थोडं थोडं विभागून. झोपण्याआधी दोन तास आवरतं घे. चहा चारवरून दोन कपांवर आण.

पोटासाठी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पपई हळूहळू वाढव. एकदम वाढवलंस तर फुगेल. इसबगोल चमचाभर घेतलंस तर वर दोन ग्लास पाणी हवंच, नाहीतर तेच अडकून बसतं. आणि औषधांपासून दोन तास लांब ठेव. नाश्त्यानंतर २०-३० मिनिटांनी आतडी आपसूक हलतात, ती वेळ शौचाला राखून ठेव. कमोडवर बसताना पायाखाली पाट घे. एकादशीची साबुदाणा खिचडी मला आवडते, पण साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतो, हेही लिहून ठेवते.

ड जीवनसत्त्व आणि बी-१२, दोन्ही तपासून घे. तू शाकाहारी, आणि बी-१२ कमी पडलं तरी मुंग्या, बधिरपणा येतो. मग कशाचं खापर कशावर फोडायचं! ड ची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टर आठवड्याला एक म्हणाले तर एकच. रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, आणि त्याची लक्षणं म्हणजे तहान, बद्धकोष्ठ, अशक्तपणा. तू म्हणशील एमएसच वाढला.

एमएससाठी घेतेस त्या डायमिथाइल फ्युमरेटच्या कॅप्सूलने चेहरा लाल होऊन तापतो ना? रिकाम्या पोटी घेत असशील. शेंगदाण्याचा लाडू किंवा दाण्याच्या चटणीशी भाकरी खा, मग कॅप्सूल. उघडून मात्र टाकायची नाही.

आणि काकू देतात तो गुळवेलीचा काढा बंद. तुझी प्रतिकारशक्ती कमी नाहीये, ती तुझ्याच नसांवर धावून जातेय. तिला आणखी चेव कशाला आणायचा? शिवाय २०२०-२१ च्या सुमारास मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवलेत. काकूंना मी फोन करते, तू वाईटपणा घेऊ नकोस.

पाणी पिताना ठसका लागतो असं ओझरतं लिहिलंयस. ते ओझरतं सोडण्यासारखं नाही. ताठ बस, लहान घोट घे, पिताना बोलू नकोस, आणि पुढच्या भेटीत गिळण्याची तपासणी मागून घे.

शनिवारी सकाळी सहाला व्हिडिओ कॉल लावते. खुर्ची भिंतीला टेकवून ठेव आणि फोन असा उभा कर की तुझी पावलं दिसतील.

तुझी,
मनू