'सरवा' हा शब्द शोधणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस वार्दानं जाता जाता काढलेलं स्वतःचं व्यक्तिचित्र म्हणजे 'वार्दा पार आन्येस' हा चित्रपट. फेब्रुवारी २०१९ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, मार्चअखेर ती गेली. आम्हाला तो दाखवायचा होता, त्याला तुम्ही मराठी सबटायटल्स दिलीत. आभार मानायचे ते आधी एका शब्दाचे: सरवा.

त्यात ती आपल्या २००० सालच्या माहितीपटाविषयी बोलते. त्याचं नाव 'ले ग्लानर ए ला ग्लानोझ'. 'ग्लानर' म्हणजे वेचणारे, पुल्लिंगी अनेकवचनी; 'ग्लानोझ' म्हणजे वेचणारी, स्त्रीलिंगी एकवचनी. ही एकटी बाई म्हणजे हातात छोटा डिजिटल कॅमेरा घेतलेली खुद्द वार्दा. इंग्रजी नावात तिची 'मी' झाली, बाईपण गळालं. आधी सबटायटल्स करणाऱ्या मंडळींनी त्याच इंग्रजीवरून 'गोळा करणारे आणि मी' असं उतरवलं होतं. एके ठिकाणी तर चक्क 'भंगारवाले'! तुम्ही लिहिलंत 'सरवा वेचणारे आणि वेचणारी'. चित्रकार मिलेच्या १८५७ च्या चित्रातल्या त्या वाकलेल्या तिघी आल्या, तिथे 'वेचणाऱ्या'. फ्रेंच जे शेवटच्या अक्षरांत सांगते, ते मराठीनंही तिथेच सांगितलं. काढणीनंतर रानात राहिलेल्या शेंगा, कणसं, बटाटे कोण वेचतं आणि का, हे 'सरवा' म्हटलं की कळतं. कंसात खुलासा नको, आणि पडद्यावर त्याला जागा तरी कुठे? दोन ओळी, ओळीत सहा-सात शब्द, वाचायला पाच-सहा सेकंद.

सबटायटल्सची आधीची फाइल पैसे मोजून घेतलेली. ती सेकंदाला २४ फ्रेमच्या प्रतीवर बांधलेली आणि दाखवायची प्रत २५ फ्रेमची, म्हणजे तासाभराच्या मजकुरात २ मिनिटं २४ सेकंदांची तफावत. नुसती सुरुवात जुळवून ही सुटत नाही, पुढे पुन्हा वाढतेच. फाइलमधल्या वेळेच्या प्रत्येक आकड्याला ०.९६ नं गुणावं लागतं. त्यात प्लेअरला जोडाक्षरं जमेनात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर पडलेली आणि 'स्त्री'चे झाले 'स् त् री'. १९७१ मध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी ३४३ जणींच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या बाईच्या चित्रपटात! तुम्ही वेळा बदलल्यात, फाइल यूटीएफ-८ या युनिकोड अक्षरसंकेतात ठेवलीत आणि अक्षरं थेट चित्रावरच छापून दिलीत.

यातलं तांत्रिक काम आणखी कुणी केलंही असतं. पण कुणी मागितलेलं नसताना, एका पैशाची अपेक्षा नसताना, एका वेलांटीसाठी अडून बसणं हे सभ्य माणसाचंच काम.

शेवटी तुम्ही स्वतःचं नाव घातलं नव्हतंत. आम्ही घातलंय: खालची ओळ, चार सेकंद. राग मानू नका.