चिडलेल्या नातेवाइकांशी बोलायचं कसं, तेही शिकवा

संपादक महोदय,
मेडिकलच्या पोरांकडून हाडं, नसा, औषधं सगळं पाठ करून घेतात पण आयसीयूबाहेर रात्रभर जागा असलेला पेशंटचा मुलगा अंगावर ओरडायला लागला तर काय करायचं, ते फारसं कोणी शिकवत नाही. बरेचदा राग डॉक्टरवर नसतोच, पोटात भीती असते आणि तासन् तास कोणी काही सांगितलेलं नसतं. तिथे 'शांत व्हा' म्हणणं म्हणजे आगीत तेल. खुर्ची ओढून बसा, मधे न तोडता ऐका, मग पुढे काय करणार ते सोप्या शब्दांत सांगा. खोटा पेशंट उभा करून सराव घ्यायची पद्धत अमेरिकन डॉक्टर हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्येच सुरू केली, तरी बऱ्याच ठिकाणी एका लेक्चरमध्ये उरकतात (सीनियरांनाही बसवा त्या क्लासला!). हात उचलला तर मात्र सरळ सिक्युरिटी बोलवायची, ते सहन करायला शिकवू नका.
– एक वाचक