आधी विचारा, मग रद्दीत घाला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सरकारी कचेरी नव्या जागेत हलवायची म्हटलं की आधी जुन्या कागदांवर गदा येते. ब्रिटनच्या गृहखात्याने २०१० मध्ये तेच केलं. १९५०-६०च्या दशकांत कॅरिबियन बेटांवरून आलेल्यांची उतरल्याच्या तारखेची कार्डं नष्ट करून टाकली. १ जानेवारी १९७३ पूर्वी येऊन स्थायिक झालेल्यांना तिथे राहण्याचा हक्क होता, पण पुरावा द्यायचा त्यांनीच! पुढे काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर काढलं, आणि २०१८ मध्ये सरकारला माफी मागावी लागली. जहाजांच्या प्रवासी याद्या शिल्लक आहेत, हे खरं. पण अभिलेखागारातल्या त्या याद्या १९६० पर्यंतच्या, आणि विमानाने आलेल्यांची नावं त्यांत नाहीत.

न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर १८९७ मध्ये आग लागली आणि १८५५ पासूनच्या स्थलांतर-नोंदी जळाल्या. ती दुर्घटना होती. तरीही संशोधकांचं अडलं नाही, कारण जकात खात्याकडे प्रवाशांच्या वेगळ्या याद्या होत्या. एकाच कागदाच्या दोन प्रती दोन खात्यांत म्हणजे उधळपट्टी, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मॉरिशसचं उदाहरण तर आपल्या जवळचं. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख मजूर करारावर तिथे गेले. मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही त्यांत होते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदवह्या आहेत. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव, जहाज, अंगावरची खूण. नावं कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिलेली, त्यामुळे नुसत्या नावावरून पणजोबा सापडणं कठीण. बापाचं नाव आणि खूण जुळली तर सापडतो. म्हणूनच ‘स्कॅन झालं, आता मूळ वही कशाला’ हा युक्तिवाद मला पटत नाही. संगणकावर उतरवून घेताना एक अक्षर चुकलं, तर ताडून पाहायचं कशाशी?

माझी मागणी साधी आहे. अभिलेखागाराच्या सहीशिवाय स्थलांतराची एकही फाइल कुठल्याही कचेरीने नष्ट करू नये. गोपनीयतेची अडचण सांगणाऱ्यांनी अमेरिकेची पद्धत पाहावी: ज्या फाइली कायम ठेवायच्या ठरल्या आहेत, त्या माणसाच्या जन्माला शंभर वर्षं झाली की राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जातात. तोवर कपाटाला कुलूप घाला ना, कोण नाही म्हणतं?

– एक वाचक