दिवाळीचा रंग आणि भिंतीतली ओल

महोदय,

दसरा जवळ आला की आम्हा रंगाऱ्यांना उसंत नसते. मी सोलापुरात 29 वर्षं रंगकाम करतो आहे. दर वर्षी याच दिवसांत गिऱ्हाइकाकडून एक वाक्य हमखास ऐकतो, "घासायबिसायचं राहू द्या की अण्णा, वरून दोन हात मारून टाका." त्यासाठीच हे पत्र.

गेल्या वर्षी विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका अक्कांची पुढची खोली रंगवली. भिंतीच्या पलीकडे लागूनच पाण्याचा हौद. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे घरोघरी साठवण आलीच आणि हौद बहुतेक ठिकाणी भिंतीला टेकूनच. खाली अडीच फुटांपर्यंत लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारा क्षार, फुटला होता, हात फिरवला की पांढरी पूड बोटांना. मी म्हणालो, आधी हौद बघू, भिंत वाळू दे, उन्हाळ्यात करू. पण मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती, दिवाळीत पाहुणे येणार होते. मी पुट्टी ओढली आणि रंग दिला. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा जत्रा भरली तोवर भिंतीला फुगे येऊन पोपडे जमिनीवर पडू लागले. विड्या वळून साठवलेले पैसे होते ते. मी तेव्हा ठामपणे नाही म्हणायला हवं होतं, हे अजून मनाला लागतं.

सोलापूरचा पाऊस जूनपेक्षा सप्टेंबरात जोर धरतो. म्हणजे दसऱ्याला भिंत वर्षातली सगळ्यात ओली असते आणि नेमका तेव्हाच आपण तिच्यावर रंग चढवतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो, दारं-खिडक्या उघडी ठेवली की भिंत आतपर्यंत वाळते. खराब भिंतीचं काम त्या दिवसांत काढावं. (फक्त व्हाइट सिमेंटची पुट्टी लावताना भिंत आधी पाण्यानं भिजवावी लागते, नाहीतर ती पुट्टीतलं पाणी ओढून घेते आणि पुट्टीची पूड होते.)

ओल आहे का, हे घरच्या घरी कळतं. एक फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर पक्का बसवा, दोन दिवसांनी काढा. आतल्या बाजूला दव धरलं असेल तर पाणी भिंतीतूनच येतंय. मग आधी ते कुठून येतं ते शोधायचं. हौद, गळका नळ, गच्चीची भेग, काहीही असेल.

लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा. पाण्यानं धुतला की क्षार विरघळून परत भिंतीत शिरतात. त्यावर पीओपी लावून तो झाकणारेही आहेत, पण ओलीत पीओपी भुसभुशीत होऊन सुटतो. जुना डिस्टेंपर, चुन्याचे सुटे थर पत्र्यानं खरवडून काढायचे. आपल्या काळ्या मातीत पाया हलतो, त्यामुळे भेगा पडतात. भेग जरा उकरून, धूळ झाडूनच भरायची. भेगेच्या टोकाला पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहून ठेवा. पुढच्या मोसमात ती खुणेपलीकडे गेली तर रंगाऱ्याला नाही, गवंड्याला बोलवा.

राहिला प्रायमर. गिऱ्हाईक पैसे वाचवायला पहिल्यांदा हाच गाळतं. घासलेली पुट्टी तहानलेली असते. थेट रंग दिला तर ती कुठे जास्त पिते, कुठे कमी, मग भिंत डागाळलेली दिसते आणि रंगाचा एक हात वाढतो. प्रायमर ती तहान भागवतो, उरलीसुरली पूड बांधतो, वरच्या रंगाला पकड देतो. ओल थांबवणं मात्र त्याचं काम नव्हे.

जुन्या घरांत भिंतींना खालून तीन-चार फूट ऑइलपेंट असतो. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. तो कोरडा घासू नका. वॉटर पेपरनं (पाणी लावून घासायचा कागद) ओला घासा, लेकरांना आणि गरोदर बाईला त्या खोलीपासून लांब ठेवा.

माझ्या धंदेबंधूंना हात जोडून विनंती, दर सांगताना खरवडणं, भरणं, घासणं आणि प्रायमर यांची मजुरी वेगळी लिहून द्या. एकच आकडा सांगितला की घासाघीस करताना नेमकं तेवढंच काम कापलं जातं. आणि सण थांबत नसेल तर बाकीच्या तीन भिंती रंगवा, ओल्या भिंतीला नुसता चुना द्या. चुन्यातून ओल बाहेर पडत राहते, तो उडाला तरी थोडक्यात परत देता येतो.

अक्कांची ती भिंत या मे महिन्यात मी मजुरी न घेता प्लास्टरपर्यंत खरवडली. हौद आतून दुरुस्त करून घेतला, तीन आठवडे भिंत उघडी ठेवली. सध्या तिला चुना आहे. रंग पुढच्या एप्रिलात, प्लॅस्टिकचा कागद कोरडा निघाला तरच.

एक रंगारी,
साखर पेठ, सोलापूर