तक्रार : फॉइल पीव्हीडीसीला चिकटत नाही आणि सीओएवर (तुमच्या टेस्ट सर्टिफिकेटवर) मात्र सगळं ओके

प्रति,
सेल्स टीम आणि क्वालिटीचे साहेब,

विषय : २० मायक्रॉन प्रिंटेड ब्लिस्टर फॉइल, सीलिंग फेल, लॉट रिजेक्ट करण्याबाबत

नमस्कार,

फोन करून झाले, मेसेज करून झाले, तुमच्या सेल्सवाल्यांकडून "सर टेक्निकलला फॉरवर्ड केलंय" यापलीकडे काही आलं नाही, म्हणून आता लेखी देतोय. तुमच्या शेवटच्या डिलिव्हरीतली फॉइल, म्हणजे गोळ्यांच्या स्ट्रिपमागची ॲल्युमिनियमची पत्री, आम्ही रिजेक्ट केलीये. रोल लाल लेबल लावून बाजूला ठेवलेत आणि त्या फॉइलवर जेवढं पॅकिंग झालं होतं तेवढं सगळं होल्डवर आहे.

झालं काय ते आधी सांगतो. ही गोळी ओलाव्याला दाद न देणाऱ्यातली नाही, उलट जरा दमट हवा लागली की मऊ पडते, म्हणून तर आम्ही साध्या पीव्हीसी प्लास्टिकऐवजी महागडी पीव्हीडीसी कोटेड (ओलावा अडवणारा थर दिलेली) फिल्म वापरतो. लाइन सुरू केल्यावर नेहमीप्रमाणे लीक टेस्टला स्ट्रिपा काढल्या. मिथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवल्या, व्हॅक्यूम दिला, थोडा वेळ धरला, सोडला. व्हॅक्यूममध्ये स्ट्रिपमधली हवा जिथून बाहेर पडते तिथूनच व्हॅक्यूम सोडल्यावर निळं पाणी आत ओढलं जातं, हे तुम्हाला सांगायला नको. स्ट्रिपा पुसून कापल्या तर गोळ्यांच्या कडा निळ्या, आणि त्या पण नुसत्या कोपऱ्यातल्या पॉकेटच्या नाहीत, मधल्यासुद्धा. भिंगाखाली धरलं तर कडेपासून नर्लिंगच्या (सीलिंग रोलरने दाबलेल्या नक्षीच्या) खाचांमधून निळी रेघ सरळ पॉकेटपर्यंत गेलेली दिसते. गंमत म्हणजे नर्लिंगचा ठसा एकदम खणखणीत आणि सगळीकडे सारखा उमटलाय, म्हणजे प्रेशर पोचतंय, रोलर नीट बसलाय. पण कोपरा नखाने जरा उचलला की फॉइल अख्खी सर्रकन निघून येते, कुठे फाटत नाही, फिल्मवर लॅकरचा (फॉइलवरच्या, उष्णतेने चिकटणाऱ्या थराचा) मागमूस राहत नाही. चांगल्या सीलला असं होत नाही.

यावर तुमच्या टेक्निकलचं पहिलं उत्तर, सीलिंग टेम्परेचर वाढवा. वाढवलं. २० डिग्री वर नेल्यावर स्ट्रिप सुकलेल्या पानासारखी वळली, कार्टनमध्ये जाईना, आणि लीक तरी थांबली का, तर नाही. मग म्हणाले मशीनचा स्पीड कमी करा म्हणजे ड्वेल टाइम (रोलरखाली दाबून राहण्याचा वेळ) वाढेल. तेही केलं, थोडा फरक पडला पण स्ट्रिपा पास होण्याइतका नाही, आणि एवढ्या स्पीडला पॅकिंग करायचं तर गोळ्या हातानेच भरलेल्या बऱ्या. मग तिसरा प्रश्न आला की फिल्म उलटी तर लोड केली नाही ना. अहो, मॉर्फोलिन हे केमिकल लावून बघितलंय, ज्या बाजूला तपकिरी डाग येतो ती पीव्हीडीसीची बाजू गोळीकडेच आहे. आणि खरं सांगू का, फिल्म उलटी असती तर उलट तुमची फॉइल मस्त चिकटली असती, का ते पुढे येतंच.

मशीनवर ढकलायचा विषय आमच्या बाजूने कायमचा संपावा म्हणून आम्ही तुमचीच जुनी फॉइल, आधीच्या लॉटचा शिल्लक रोल, त्याच मशीनवर, त्याच रोलरला, त्याच टेम्परेचरला, त्याच फिल्मवर चालवली. सगळ्या स्ट्रिपा पास. नवा रोल लावला, परत निळं पाणी. आता सांगा मशीनने काय पाप केलं?

मग लॅबमध्ये नीट बसून बघितलं. १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापून वजन केलं, एमईके सॉल्व्हंटने लॅकर पुसून काढून परत वजन केलं, लॅकरचं जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) लिमिटमध्ये आहे. बेअर फॉइलचं वजन पण २० मायक्रॉनला ॲल्युमिनियमच्या घनतेने जे ५४ च्या आसपास यायला हवं तेवढंच येतंय, त्यात तुम्ही काही चोरलेलं नाही, तेवढं मान्य. टेम्पर (फॉइलचा कडकपणा) हार्डच आहे. पण लॅकरच्या बाजूचा आयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) काढून जुन्या लॉटच्या ग्राफवर ठेवला तर दोन्ही जुळत नाहीत. जुन्यात जे पीक स्पष्ट दिसतात त्यातले काही नव्यात बारीक झालेत आणि एक नवीनच उगवलंय. म्हणजे लॅकर बदललंय. शेवटची टेस्ट सगळ्यात मजेशीर, नवी फॉइल साध्या पीव्हीसीवर सील करून पील टेस्ट (फॉइल सोलायला किती जोर लागतो ती टेस्ट) घेतली तर व्हॅल्यू तुमच्या सीओएतल्या आकड्याच्या जवळपास आली, आणि पीव्हीडीसीवर सील करून घेतली तर त्याच्या पाव भागसुद्धा नाही.

साहेब, इथे मला खरा राग आला. तुमच्या सीओएवर बाँड स्ट्रेंग्थ (सीलची पकड) ६.८ न्यूटन प्रति १५ मिलिमीटर लिहिलंय आणि तो आकडा कदाचित खोटा नाहीये, पण तो साध्या पीव्हीसीवर काढलाय. ऑर्डरवर पीव्हीडीसी कोटेड फिल्मसाठी असं स्पष्ट लिहिलेलं असताना. सगळीच हीट सील लॅकर सगळ्याच फिल्मना धरत नाहीत, हे तुमचंच रोजचं काम आहे, तुम्हाला माहीत नसेल असं कसं होईल? सीओएवर फिल्म कुठली, टेम्परेचर किती, प्रेशर किती, किती सेकंद, काहीच नाही. नुसता आकडा आणि खाली शिक्का. असा आकडा कशाशी ताडून बघायचा आम्ही?

आणि आकड्यांचंच निघालं म्हणून, मागच्या सगळ्या लॉटचे सीओए काढून शेजारी शेजारी ठेवले. प्रत्येकावर ६.८. दशांशसुद्धा हलत नाही. लॅकर बदललं तरी ६.८ च. पिनहोलच्या (बारीक छिद्रांच्या) समोर दर वेळी "निल". २० मायक्रॉनच्या फॉइलला अंधाऱ्या खोलीत लाइट बॉक्सवर ठेवलं की एखाद दुसरा ठिपका चमकतोच, त्याला लिमिट ठरलेली असते आणि तेवढे चालतात, आमची काही तक्रार नाही. पण दर लॉटला निल वाचलं की प्रश्न पडतो, लाइट बॉक्सचा दिवा तरी लावला होता का?

तुमच्या मॅनेजरसाहेबांनी फोनवर विचारलं की मग तुमच्या इनकमिंगला (माल आल्यावरच्या तपासणीला) माल पास कसा झाला. इनकमिंगला जीएसएम, जाडी, प्रिंट, शेड, कोड बघतात, सॅम्पल रोलमधून घेतात, आणि सीलिंगची खरी परीक्षा मशीनवर होते. तिथे पकडला गेला, पेशंटच्या हातात जायच्या आधी, हे बरं झालं म्हणा. लीकवाली स्ट्रिप आमच्या ४० डिग्री, ७५ टक्के आर्द्रतेच्या टेस्ट चेंबरमध्ये गेली असती तर काही आठवड्यांत गोळीने स्वतःच सांगितलं असतं, पण तोवर तुमचा माल बाजारात गेलेला असता. प्रायमरी पॅकिंग आहे हे, गोळीला लागूनच असतं, लॅकर बदलणं म्हणजे कार्टनचा गम बदलण्याइतकं सोपं नाही. तुमच्या लेटरहेडवर आयएसओ १५३७८ चा (औषधांच्या प्रायमरी पॅकिंगच्या स्टँडर्डचा) उल्लेख आहे, त्यात बदल आधी कळवायचा असतो आणि आमची संमती घ्यायची असते. आम्हाला आयआरच्या ग्राफवरून कळावं, ही कळवायची पद्धत झाली का?

जाता जाता, रोलमधल्या जॉइंटला रंगीत टेप लावत जा. एक जॉइंट तसाच पॅक होऊन गेला होता, कॅमेऱ्याने पकडला.

आता आम्हाला काय हवंय ते. लॅकर कधीपासून बदललं, कुठल्या ग्रेडचं आहे आणि औषधाच्या संपर्कात चालतं याचं डिक्लेरेशन लेखी द्या. या लॉटच्या सील टेस्टचा रॉ डेटा पाठवा, मशीनचा प्रिंटआउट असेल तर तो, टाइप केलेला तक्ता नको. यापुढच्या सीओएवर बाँड स्ट्रेंग्थ आमच्याच फिल्मवर काढलेली हवी, फिल्मचे रोल आम्ही पाठवतो, टेस्टच्या कंडिशन्स सोबत लिहा. बदली माल एकदम सगळा पाठवू नका, आधी एक ट्रायल रोल द्या, लीक टेस्ट आणि पील टेस्ट पास झाली तरच पुढचे घेऊ. कापा (CAPA, म्हणजे चूक सुधारण्याच्या आणि परत न होऊ देण्याच्या उपायांच्या) रिपोर्टमध्ये रूट कॉज म्हणून "ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं" असलं काही लिहून पाठवू नका, तो तसाच परत येईल.

रिजेक्ट झालेले रोल तुमच्या खर्चाने उचला, पण आमच्या दोन्ही लॉटच्या आयआरच्या कॉपीवर तुमच्या क्यूएची सही आल्याशिवाय गेटपास निघणार नाही. या मालाचं बिल तोपर्यंत अकाउंट्समध्ये थांबवलंय, त्यासाठी सेल्सवाल्यांनी फोन करू नये, क्वालिटीवाल्यांनी करावा.

आपला,
क्वालिटी कंट्रोल, पॅकेजिंग मटेरियल सेक्शन