डिस्को संपला, असं कोणी ठरवलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला डिस्कोवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. 'चार दिवसांचं थिल्लर खूळ' म्हणून लेखकांनी विषय मिटवून टाकला. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवल्या, तिथे डिस्को संपला म्हणे. तबकड्या उडवल्या हे खरं. पण न्यूयॉर्कच्या ज्या क्लबांत हे संगीत वाढलं, तिथे नाचायला कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी तरुण येत, कारण इतरत्र त्यांना कोणी उभं करत नव्हतं. यावर लेखात एक ओळ नाही. त्याच शिकागोत पुढे डिस्कोच्याच ठेक्यावर 'हाउस' नावाचं नाचाचं नवं संगीत उभं राहिलं, तेही नाही.

आमच्याकडे तर डिस्को पोचला तोच या तथाकथित शेवटानंतर. 'डिस्को डान्सर' १९८२ चा. जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजमध्ये तो लागला, तेव्हा माझा वर्गमित्र रोज खेळाला जाऊन बसायचा. त्याचे वडील लग्नावरातीत हलगी वाजवायचे. पोराच्या अंगात ठेका होताच, मिथुनच्या स्टेप्स त्याने नुसत्या बघून उचलल्या. गॅदरिंगला त्याने आईच्या जुन्या लुगड्याचा काठ कपाळाला बांधला, शर्टाला चमकीचा कागद चिकटवला आणि असा नाचला की मागच्या रांगेतली पोरं बाकावर उभी राहिली. गाणं निम्म्यावर असताना आमच्या एका सरांनी टेप बंद केला. 'हा तमाशाचा फड नाही,' म्हणाले. सगळ्या शाळेदेखत. त्याला स्टेजवरून खाली उतरवलं. त्याच कार्यक्रमात भावगीत म्हणणाऱ्या, ताल चुकलेल्या मुलीला मात्र बक्षीस मिळालं. तो पोरगा पुन्हा कधी गॅदरिंगला आला नाही. मला आजही त्या सरांचा राग आहे आणि तुमच्या लेखात मला त्यांचाच आवाज ऐकू आला.

शास्त्रीय नाचाला गुरू लागतो, फी लागते, घरच्यांची परवानगी लागते. डिस्कोला यातलं काही लागलं नाही, म्हणून तो आमच्या वाड्या-वस्त्यांत शिरला. बँडवाल्यांनी तो ठेका उचलला, बेंजो पार्टीने उचलला, आणि आजही आमच्याकडे नवरदेवाची वरात त्याच्याशिवाय मारुतीच्या पारापुढे सरकत नाही. आता त्याच शाळेच्या गॅदरिंगमध्ये तीच गाणी 'रेट्रो' म्हणून बसवतात आणि शिक्षक टाळ्या वाजवतात. मिथुन चक्रवर्तींना २०२४ मध्ये फाळके पुरस्कारही दिला गेला. मग थिल्लर कोण?

आणखी एक. 'आप जैसा कोई' हे गाणं लेखात बप्पी लाहिरींच्या नावावर घातलं आहे. ते संगीतकार बिद्दू यांचं, गायिका नाझिया हसन, चित्रपट 'कुर्बानी', साल १९८०. त्या चित्रपटाची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची. एवढं तपासायला किती वेळ लागतो? दुरुस्ती छापावी.

आणि मराठवाड्याची आठवण तुमच्या पेपरला टँकर आणि दुष्काळापुरतीच होते, हेही सांगून टाकतो. आमच्याकडचे बँडवाले, ऑर्केस्ट्रावाले, गावोगाव पोरांचे नाच बसवणारे लोक पुरवणीत कधी दिसले नाहीत. या लग्नसराईत एखादा वार्ताहर इकडे पाठवा.

आपला,
एक जुना वाचक, जि. परभणी